कोपीतला सहावा पांडव

लपतछपत पुढं जायच्या व्हिडिओ गेममध्ये मी आजवर एकदाही शेवटपर्यंत पोचलेलो नाही.

मरतही नाही, हे विशेष! माझी लेक गार्गी म्हणते, "पप्पा, तुम्ही हरत नाही. तुम्ही नुसते बसता." खरं आहे. तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. मोठा राजवाडा, जागोजागी भालेवाले पहारेकरी, आणि आपण कुणाच्या नजरेस न पडता पार आतल्या दालनात पोचायचं. पहारेकऱ्याला नुसता संशय आला तरी त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवतं. दिसलोच, तर मग आपलं काही खरं नाही.

गार्गी हा खेळ भुतासारखी खेळते. कुणाला हात लावत नाही, कुणाला दिसत नाही, आवाज नाही. वाडा जसाच्या तसा आणि ही आत! शेवटी पडद्यावर येतं की तुम्हाला कुणीही पाहिलं नाही, आणि त्याचे पूर्ण गुण मिळतात. पोरगी त्या एका ओळीसाठी जीव टाकते.

सविताची, म्हणजे आमच्या मंडळींची तऱ्हा निराळी. ती बाटली फेकते. खण्ण आवाज झाला की पहारेकरी तिकडं धावतात आणि ही पदर सावरत (खुर्चीत बसल्या बसल्या!) इकडून पुढं निघते. मागं किती बाटल्या फुटल्या याची तिला फिकीर नसते.

आणि मी? मी कपाटात शिरतो. खेळात सोयीला कपाटं ठेवलेली असतात. आत शिरायचं, फटीतून बघायचं आणि पहारेकरी जायची वाट बघायची.

"पप्पा, बाहेर या ना आता."

"त्याला जाऊ दे की."

"तो कशाला जाईल? त्याची नोकरीच आहे ती!"

मला त्यात कमीपणा वाटत नाही. लहानपणी लपंडावात मी कधीच पहिला सापडलेलो नाही. नेहमी शेवटचा! ही कला अंगातच असावी लागते, असं मी दोघींना ऐकवतो. दोघी एकमेकींकडं बघतात.

आता मूळ गोष्ट. शाळेतल्या नोकरीमुळं आम्ही तामलवाडीला राहतो. घरची शेती मुरुमजवळ, ती थोरले बंधू बघतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मी बायको-पोरीसह दादांच्या शेतावर जेवायला जाणार हे ठरलेलं. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळं गाव रानात. प्रत्येकाच्या शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडतात, पूजा करतात, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर. वाटेनं कुणीही चाललेला दिसू दे, ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचंच.

तुम्ही म्हणाल, सरळ "नको" म्हणावं. म्हणून बघा! येळवशीला नको म्हणणारा माणूस आमच्या भागात पुढची येळवस येईपर्यंत चर्चेला पुरतो.

मागच्या साली मी असाच पाणंदीनं निघालो होतो आणि दिसेल त्यानं मला बसवलं. दादांच्या शेतात पोचलो तेव्हा श्वास घ्यायलाही पोटात जागा नव्हती. दादा उपाशी थांबले होते, कारण आमच्याकडं धाकट्यानं पहिला घास घेतल्याशिवाय थोरला जेवत नाही. आणि मी म्हणालो, "दादा, माझं पोट बिघडलंय." दादांनी वाढलेलं ताट माझ्यासमोरून उचललं, काही बोलले नाहीत. मग वर्षभरही काही बोलले नाहीत! निरोप वहिनींकडून सविताकडं आणि सविताकडून माझ्याकडं. मला ते फार लागलं होतं. आई-वडील गेल्यापासून मला 'बाळ्या' म्हणणारा तो एकच माणूस उरला होता आणि त्यानं तोंड बंद केलं होतं.

यंदा वहिनींचा फोन आला. "भावजी, पाया पडते तुमच्या, उपाशी या. तुमच्या दादानी बोलायचं न्हाय म्हणलंय, पण सकाळपासनं वाटेकडंच डोळं लावून बसत्यात."

झालं. गाडी ओढ्याजवळ लावली. तिथून पाणंद, दोन्ही बाजूंना शेतं, शेताशेतात कोपी, कोपीपुढं सतरंज्या, आणि सतरंजीवर उभं राहून वाट न्याहाळणारी माणसं. गार्गीनं डोळे बारीक केले.

"पप्पा, ही लेव्हलच आहे."

"काय?"

"पहारेकरी बघा ना. फक्त हातात भाल्याऐवजी पळी आहे."

"असं करू," ती म्हणाली, "ज्याचा त्यानं आपापल्या पद्धतीनं खेळायचं. अट एकच. मोठ्या पप्पांकडं उपाशी पोचायचं." मला हे पटलं, यावरून मी किती घाबरलो होतो ते कळेल.

सविता सरळ पाणंदीनं निघाली. पहिल्याच शेतातून हाक आली, "या की ओ, जेवायला या!" हिनं बाटली फेकली. "येते हो आक्का, परत येताना निवांत बसते! हे पण बसणारेत!" पुढच्या शेताला तेच. त्याच्या पुढच्याला तेच, वर "ह्यांना तुमच्या हातची खीर लई आवडते" हे जास्तीचं. ठणाठण बाटल्या फेकत ती निघून गेली. वचनं माझ्या पोटाच्या भरवशावर चालली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गार्गी ज्वारीत शिरली. डोक्याइतकी उंच ज्वारी, हुरड्यावर आलेली. शिरली ती शिरलीच, पुन्हा दिसली नाही.

मग मी. मीही ज्वारीत शिरलो. पण गार्गीची एक खुबी मला माहीत नव्हती. वारा आला की ती चालायची, वारा थांबला की थांबायची. मी मात्र भीती वाटली की चालायचो, आणि भीती तर सारखीच वाटत होती! सगळं रान स्तब्ध, आणि माझ्या डोक्यावरची तेवढी कणसं गदागदा हलतायत, असा तो देखावा असणार. (मला आतून काय दिसणार?)

कुठून तरी उंचावरून आरोळी आली, "डुक्कर! आरं डुक्कर शिरलं ज्वारीत!"

रानडुकरांनी आमच्या भागात उच्छाद मांडलाय. डुक्कर म्हटल्यावर येळवस काय नि काय! पत्र्याचे डबे वाजायला लागले. "हाना! कडेनं घेरा!" दादांचे शेजारी सिद्रामप्पा, त्यांच्या शेतातली सगळी माणसं काठ्या घेऊन ज्वारीकडं धावली. मी ओरडायला पाहिजे होतं, "अहो, मी आहे!" कुणीही शहाणा माणूस ओरडला असता. पण ओरडलो तर दिसणार, दिसलो तर जेवायला बसवणार, जेवलो तर दादा गेले ते कायमचे. मी वाकून पळालो. ज्वारीबाहेर आलो तर समोर कडब्याची कोप, पुढं पडद्यासारखं लुगडं सोडलेलं, जवळ चिटपाखरू नाही.

कपाट! माझ्या पायांनी मला विचारलंसुद्धा नाही. लुगडं बाजूला करून मी आत.

आत अंधुक होतं. उदबत्तीचा वास. पाच पांढरे पांडव एका रांगेत. त्यांच्या शेजारी मांडी घालून मी. बाहेर डबे हळूहळू थांबले. "गेलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. मग पावलं जवळ आली. मी फटीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, जातील, जातील. पण पूजा राहिली होती ना! लुगडं वर झालं. आरतीचं ताट घेऊन सिद्रामप्पांच्या शांताक्का.

त्यांनी पांडव बघितले. मला बघितलं. पुन्हा पांडव बघितले.

"अवो," त्या नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "ह्यात एक जास्ती हाय."

आप्पांनी वाकून बघितलं. "सर? तुमी आत काय करायलाव?"

आता काय सांगणार? मी हात जोडले आणि म्हणालो, "दर्शन."

चुकलो! दुसरं काही बोललो असतो तर कदाचित सुटलो असतो. आप्पांचे डोळे पाण्यानं भरले. "बघ गं," ते म्हणाले, "शिकलेला माणूस, पर पांडवाच्या पायापाशी जाऊन बसला. आज कोपीतनं पाहुणा निघाला आपल्या! ह्याला जेवल्याबिगर सोडायचं न्हाय!" मला आरतीही मिळाली. (पांडवांच्या नंतर, पण त्याच ताटातून.) मग दोन्ही बाजूंनी दोघं बसले. भज्जी वाढली, तिच्यावर उंडा कुस्करला, वरून तेल. आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला. "घ्या की सर, लाजताव व्हय?" मी नको म्हणायला तोंड उघडायचो आणि तेवढ्यात त्यात काहीतरी जायचं.

दादांच्या शेतात पोचलो तेव्हा सविता आणि गार्गी आधीच बसल्या होत्या. दोघी उपाशी, दोघी जिंकलेल्या! मी शर्टाची बटणं ओढून लावली, तोंड पुसलं आणि वाक्य जुळवलं. 'दादा, जरा पोटात...'

दादा कोपीपाशी नव्हते. ते वर होते. पाखरं राखायच्या मचाणावर, हातात पत्र्याचा डबा घेऊन! म्हणजे ती डुकराची आरोळी त्यांचीच! खेळात गार्गी मला शंभरदा सांगते, पप्पा, वर बघत जा. कोण बघतो?

दादा खाली उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. मला ते तयार केलेलं वाक्य बोलवेना. ओठाशी आलं होतं, आणि मागच्या साली ताट उचलतानाचा त्यांचा चेहरा आठवला.

"दादा, मी सिद्रामप्पांकडं जेवलो," मी म्हणालो. "गळ्यापर्यंत जेवलो. कोपीत लपलो होतो, सापडलो."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. दादा मात्र हसायलाच लागले. इतकं हसले की मचाणाचा खांब धरून बसले.

"बाळ्या," (वर्षानं ऐकलं!) "मागल्या साली बी म्या हितनंच बघत हुतो. तू कुणाकुणाकडं बसलास, सगळं दिसत हुतं. जेवून आलास ह्याचा राग न्हवता रं. आपल्या मानसाम्होरं पोट बिघडल्याचं सोंग केलंस, ते लागलं."

दादा डोळे पुसत म्हणाले, "लपायचं बी तुझं तसंच. लहानपनी दर येळेला कडब्याच्या गंजीत. पाय भाईर! मला दिसायचे. पर आदी हुडकलं की तू रडायचास, म्हनून म्या तुला मुद्दाम शेवटाला हुडकायचो."

आयुष्यभर जपलेली माझी एकुलती एक कला अशी गेली. गार्गी आणि सवितानं पुन्हा एकमेकींकडं बघितलं. पण खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. कुणीतरी मला रडू नये म्हणून इतकी वर्षं न सापडल्यासारखं करत होतं, याचंच भरून आलं.

मग दादांची नजर गार्गीवर गेली. "आन् तू कवा आलीस? मला कशी दिसली न्हाईस?"

"मी कुणालाच दिसले नाही, मोठे पप्पा!" ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

"कुणालाच?" दादांचा चेहरा पडला. "सिद्रामप्पाच्या शांताक्कानं तुझ्यासाटी तिळाची पोळी ठिवली आसंल की. ती म्हनंल, पोरगी आलीच न्हाय यंदा."

गार्गीचा तोरा उतरला. पूर्ण गुण मिळाल्यावर ती एवढी हिरमुसलेली मी प्रथमच बघितली.

मी जेवलो. कसा ते विचारू नका. पहिला घास मी घेतला, मग दादांनी घेतला. परत निघालो तेव्हा सविताला सकाळच्या बाटल्या आठवल्या. प्रत्येक शेताच्या कडेला माणसं ताटं मांडून उभी होती! "बोलला होतात ना, येताना हे बसणारेत?" माणसं सविताला विचारत होती. सविता मला म्हणाली, "अहो, बसा ना थोडं थोडं." मी ज्वारीकडं आशेनं बघितलं. पण दादा बरोबर आले होते, आणि त्यांची खेळायची तऱ्हा साधी आहे. लांबूनच ओरडतात, "आलो रं आमी! वाढा!" आणि गार्गी सगळ्यांच्या पुढं, पाणंदीच्या मधोमध. शांताक्कांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, "केवढी झालीस गं!" पोरगी हसली, आणि दोन पोळ्या खाल्ल्या. माझं काय झालं हे त्या दिवशीच्या गाडीच्या सीटला विचारा.

परवा सुट्टी होती म्हणून खेळायला बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. दादा. हल्ली ते कधीही करतात.

"काय करायलास?"

"गेम खेळतोय, दादा. राजवाड्यात आहे. पहारेकरी मागं लागलेत."

"मग कुठं लपलायस?"

खोटं तर बोलायचं नव्हतं.

"कपाटात."

"म्हाईत हाय मला," दादा म्हणाले. "बस तितंच, रडू नगंस. शेवटाला हुडकतो तुला."