शेजारच्या सीटकडे वळलेला काटा

वारज्याच्या गॅरेजमध्ये कोणीतरी अ‍ॅल्युमिनियम कानशीनं घासत होतं. त्या कोरड्या, किंचित गरम वासानं मी सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पायरीवर जाऊन पोचले.

आज दुरुस्तीला आणलेली आमची हीच गाडी तेव्हा घाटात तापायची. इंजिनाचा आवाज जरा बदलला, की माझा जीव टांगणीला लागायचा. शेवटी ह्यांनी तापमान दाखवणारं एक गोल मीटर आणलं. ते बसवायला काही मिळेना, म्हणून जुन्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली, पायरीच्या कडेवर ठेवून हातोडीनं वाकवली आणि दुपारभर कानस चालवली. शेजारी ठेवलेला चहा तसाच गार झाला.

मीटर डॅशबोर्डवर बसलं, पण त्याचं तोंड माझ्या सीटकडे.

"अहो, गाडी तुम्ही चालवणार ना?" मी विचारलं.

"हो. पण घाबरण्याचं खातं तुझ्याकडे. आता उगाच घाबरू नकोस, काटा बघून घाबर."

मला रागच आला होता. पण पुढे प्रत्येक चढाला मी काटा बघून "ठीक आहे" असं सांगत गेले, आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही.

"काकू, हे मीटर तिरकं बसलंय. तुमच्याकडे वळवू का?" गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या प्रश्नानं मी भानावर आले.

"राहू दे," मी म्हटलं.

ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी आता मीच चालवते. चढ लागला, की शेजारच्या रिकाम्या सीटकडे झुकून काटा बघते आणि मोठ्यानं सांगते, "ठीक आहे."