नववीच्या दोन खोल्या

"ए बाई, हे कप उचल."

नगरपालिकेत बजेटची सभा चालली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला आमचं गाव. तिथल्या नगरपालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. पालकांनी निवडून दिलेली. शाळेच्या मोठ्या बाईंनी, मुख्याध्यापिकांनी, मला पुढं धाडलं होतं. म्हणाल्या, मी बोलले तर माझी बदली करतील, तुमची कुठं करणार?

कप उचलायला सांगणारा नगरसेवक. मोठा बागायतदार. शिवाय गावात त्याची स्वतःची इंग्रजी शाळा. त्यानं माझी साडी बघितली, रापलेलं तोंड बघितलं आणि ठरवलं, ही उष्टं काढणारी.

मी उचलले. हात आपोआप पुढं गेले. लोकांची उष्टी काढताना आईचे जायचे तसेच. त्याचीच जास्त चीड येते मला.

ट्रे हातात होता आणि आमच्या शाळेचा विषय निघाला. शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी दोन खोल्या बांधायचं ठरलं होतं. पैसाही धरला होता. आता तो काढून वेशीवरच्या स्वागत कमानीला द्यायचा होता. आमच्याकडं नववी नाही म्हणजे काय, हे सभागृहातल्या खुर्च्यांना काय कळणार? पोरी मेंढरामागं जातात. नाहीतर हळद लागते.

तो नगरसेवक उठला.

"त्या पोरी नववी शिकून काय दिवे लावणार? शेवटी मेंढरंच राखायची की. कमान झाली तर गावाची शोभा तरी होईल."

सगळे हसले.

माझा नवरा मेंढरं घेऊन उजनीच्या काठाला गेला होता. पोरगी रेखा आठवीत. तिला शिकता यावं म्हणून मी मागं राहिलेली. मी ट्रे नगरसेवकासमोर टेबलावर ठेवला.

"मी कप उचलायला आले न्हाय. मी शाळेची अध्यक्ष हाय. माझी पोरगी नववीला जाणार, मेंढरामागं न्हाय."

मग कुणीतरी विचारलं, हिला आत कुणी सोडलं? शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. दारातून ऐकू आलं. बाकं वाजली. कमान मंजूर.

दोन दिवसांनी तो नगरसेवक घरी आला. आता मी ताई झाले होते. म्हणाला, रेखाला माझ्या शाळेत घेतो. फी नको, गणवेश देतो, न्यायला गाडी येईल. बाकीच्यांचं तुम्ही कशाला बघता?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमची नववी उघडली नाही, तर ज्यांना फी परवडते ती पोरं याच्याच दारात जाणार. बाकीच्या पोरी मातीत.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, घे की, पोरगी शिकंल. त्याचं खोटं नव्हतं. माझा जीव दोन्हीकडं ओढला. रेखाला विचारलं. तिच्या बाकावर शबाना बसते, टेम्पोवाल्याची पोरगी. रेखानं एवढंच विचारलं, "मग शबाना कुटं जाणार?"

दुसऱ्या दिवशी मी नगरसेवकाच्या बंगल्यावर गेले. "एकट्या माझ्या पोरीची शाळा मला नको. नगरपालिकेची नववी पायजे. सगळ्यांची."

तो म्हणाला, "मग राख मेंढरं."

राखते. मेंढरं राखण्यात लाज नाही. आमच्या पोरींना त्यापलीकडं जायची वाटच ठेवायची नाही, यात लाज आहे. ती त्यांची.

मग मी घरोघर फिरले. शबानाची आई आली, आणखी बायका आल्या. बी.एड. होऊन घरी बसलेली गल्लीतली एक पोरगी शिकवायला तयार झाली. खोल्या नाहीत म्हणता ना? नगरपालिकेचं सभागृह आहे की. पंखे आहेत, खुर्च्या आहेत, तेही आमच्याच घरपट्टीतून आलेले. जूनमध्ये नववीचा वर्ग तिथंच भरणार.

काल मुख्याधिकाऱ्यांना तसं तोंडावर सांगून आले. ते म्हणाले, पोलीस बोलवावे लागतील.

मी म्हटलं, बोलवा. पोरी उठणार नाहीत.