गहिनीनाथ पाटकऱ्याचं संगणकातलं गाव

शेवगावच्या पूर्वेला, कालव्याचं पाणी येता येता जिथं दमून जातं, तिथं आमचं गाव आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस डोलतो. आमच्या अंगाला बाजरी, तूर आणि वाट बघणं. असल्या गावात कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याला देवाच्या खालोखाल मान असतो, आणि शिव्या देवापेक्षा जास्त. गहिनीनाथांनी दोन्ही गोष्टी एकतीस वर्षं घेतल्या, आणि कशानंही त्यांची मान वाकली नाही.

कालव्यातून वावरांकडं पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेनं सायकल, कॅरिअरला पाण्याची दारं उघडायची लोखंडी किल्ली, आणि डोक्यात एकच नियम. पाणी सुटलं की आधी शेवटच्या वावराला द्यायचं, मग त्याच्या वरच्याला, असं करत चढत यायचं. कुणी हुज्जत घातली तर ते म्हणायचे, "तुझ्या दारात तर पानी रोजच उभं ऱ्हातंय. तुला थांबायला काय हुतंय?"

निवृत्त झाले तेव्हा महिनाभर सवयीनं कालव्यावर जात राहिले. नवा पाटकरी त्यांना बघून अवघडायचा. ते ओळखून त्यांनी जाणं बंद केलं आणि घरात बसले. त्यांची लेक ज्ञानेश्वरी शेवगावात कॉम्प्युटर क्लासवर शिकवायची. लग्न होऊन ती जामखेडला गेली आणि तिचा संगणक इथंच राहिला. त्यात एक खेळ होता. मोकळं माळरान मिळायचं, त्यावर गाव वसवायचं. घरं बांधायची, वावरं पाडायची, गुरं सोडायची. लेकीनं फोनवरून चार बटणं सांगितली. खेळातलं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. नऊ वर्षं त्यांनी ते एकच गाव सांभाळलं.

रोज सकाळी न्याहारी झाली की दोन तास. एक बोट माऊसवर, दुसऱ्या हातात चहा. उठताना गाव जतन करायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं जायचं. दोनशे चौदा घरं झाली. प्रत्येक घराला त्यांनी नाव दिलं होतं, आणि सगळ्यात शेवटी, माळाच्या कडेला, एका लिंबाच्या झाडाखाली बायकोच्या नावाचं घर होतं.

रतनबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात तसेच पिठाचे घेऊन त्या पडद्यासमोर आल्या.

"मला मेलीला गावाच्या भाईर टाकलं व्हय?"

"भाईर न्हाई. शेवटाला."

"आन मधी कोन हाय, पाटलीनबाई?"

"अगं, शेवटच्या घराला सुख पोचलं म्हंजी आख्ख्या गावाला पोचलं. तू माझी निशानी हायेस."

"निशानी!" रतनबाई म्हणाल्या. "जिवंत बाईला निशानी म्हनत्यात का?" आणि परत चुलीकडं गेल्या. पण त्या दिवसापासून जाता-येता एक नजर त्या लिंबाखालच्या घराकडं टाकायला लागल्या.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर हर्षल आला. हर्षल म्हणजे आमच्या चौकात दाखले काढून देण्याचं दुकान चालवणारा तिशीतला गडी. तोही हाच खेळ खेळायचा. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"नाना, खेळाचा नवा भाग आलाय. नदी आन कालवे. लई भारी हाय, पन माझं गाव गेलं."

"गेलं म्हंजी?"

हर्षलनं बैजवार सांगितलं. जुनं जतन केलेलं गाव नव्या भागात आणता येतं. पण आणलं की माळावर नदी उतरते. जिथं खोलगट, तिथून ती वाहते, वाटेत काय आहे ते बघत नाही. हर्षलचा बाजार नेमका खोलगटात होता. तो धुऊन गेला. शिवाय नव्या भागात विहिरी आटतात. वर्षभरात ज्या घराला कालव्याचं पाणी पोचत नाही, त्या घरची माणसं गाठोडी बांधून निघून जातात आणि घर पडद्यावरून पुसलं जातं. खेळातलं एक वर्ष म्हणजे आपले दोन तास.

"सगळे म्हनत्यात, जुनं गाव आनू नका," हर्षल म्हणाला. "कोरा माळ घ्या, आधी नदी बघा, मग घरं बांधा. तुमचं गाव तर केवढं पसरलंय. रतनमावशीचं घर पयलं जाईल बघा."

"आन जुना खेळ तसाच ठिवला तर?"

"नेट लावलं की तो आपोआप नवा व्हतोय. मागं येता येत न्हाई. गावाची नक्कल पेनड्राईव्हवर ऱ्हाईल, पन ती उघडायला जुना खेळच ऱ्हानार न्हाई."

गहिनीनाथांनी उठून आधी संगणकाची नेटची वायर काढली. मग चौकातल्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत, त्यांनी सांगून टाकलं, "एकतीस वर्षं पानी वाटलं, आन माझ्याच गावात पानी न्हाई. महिन्यानं मी माझं जुनं गाव नव्या भागात नेतो. एक घर जाऊ देनार न्हाई. गेलं तर त्या खेळाला पुन्यांदा हात लावनार न्हाई."

टपरीवाला म्हणाला, "नाना, आता कंप्युटरातबी पाटकरी झाले का?"

"व्हय. आन तितं तू वरच्या अंगाला असशील, तर तुझं दार बंद करीन."

लोक हसले. पण हर्षल हसला नाही. हातानं वसवलेलं गाव गेल्यावर कसं वाटतं ते त्याला नुकतंच कळलं होतं.

नेट बंद, जुना खेळ हाताशी, आणि महिनाभराची मुदत. पहिला प्रश्न नदीचा. जुन्या खेळात वाहतं पाणीच नव्हतं, मग नदी कुठून येणार हे कसं ओळखायचं? उत्तरेच्या दोन टेकड्या सोडल्या तर जमीन पडद्यावर सपाटच दिसायची. पण गहिनीनाथांनी नऊ वर्षं आपली गुरं बघितली होती. खेळातली गुरं चढाला जात नसत. गोठ्यातून सुटली की ती वळसा घेऊन एकाच वाटेनं जायची आणि उत्तरेकडच्या दोन टेकड्यांच्या मधून परत यायची. गुरं खोलगट धरून चालतात, तसंच पाणीही चालणार. त्यांनी गुरांच्या वाटेवर आडवी आलेली एकोणीस घरं एकेक करून उचलली आणि उंचावर नेऊन ठेवली. खेळात घर हलवायला तीन महिने, म्हणजे आपला अर्धा तास लागायचा. घरातली माणसं तोवर झाडाखाली बसायची. ती बसलेली असेपर्यंत नाना जेवायला उठत नसत.

मग चाऱ्या. जुन्या खेळात खंदक खोदता यायचा, पण तो नुसता बांधासारखा, शोभेचा. तो कुणीच खोदत नसे. गहिनीनाथांनी तो खोदायला घेतला, आणि सुरुवात केली रतनबाईंच्या घरापासून.

हर्षल बघायला आला होता. "नाना, उलटं का? नदीपासून सुरू करा की."

"चारी साफ करायची तर शेपटापासून. वरून सुरू केली की वरच्यांचं काम आधी हुतंय, मग ते टिकाव टाकून घरी जात्यात. शेपूट तसंच ऱ्हातंय, तुंबल्यालं."

"पन हितं तर तुमी एकटेच हाय. कोन घरी जानार?"

गहिनीनाथांनी त्याच्याकडं बघितलं. "मीच जाईन. मानूस सगळीकडं सारखाच."

तीन आठवडे ते खोदत होते. मुख्य चारी, तिला सात पोटचाऱ्या, प्रत्येक वावराला तोंड. उतार गुरांनी सांगितलेला, वळणं एकतीस वर्षांच्या सायकलीनं. काम संपलं तेव्हा कोरड्या चाऱ्यांचं ते जाळं पडद्यावर पिंपळाच्या वाळक्या पानासारखं दिसत होतं. सगळ्या शिरा होत्या, फक्त रस यायचा होता.

रविवारी सकाळी नेटची वायर लावली. नवा भाग उतरायला पाऊण तास गेला. हर्षल खुर्ची घेऊन बसला. रतनबाई मटकी निवडायच्या निमित्तानं दारात बसल्या. पडद्यावर चौकट आली. हर्षलनं वाचून सांगितलं, "जुनं गाव सापडलं म्हनतोय. आनू का, विचारतोय."

"आन म्हनावं."

गाव आलं. सगळी दोनशे चौदा घरं जागच्या जागी. क्षणभर काहीच हललं नाही. मग उत्तरेला, बरोबर त्या दोन टेकड्यांच्या मधून, निळी रेघ खाली उतरली. ती गुरांच्या वाटेनं आली. एकोणीस घरांच्या जुन्या जागेवरून मोकळी वाहत गेली आणि एकाही भिंतीला तिचा थेंब लागला नाही.

"आयला, नाना!" हर्षल ओरडला.

पाणी मुख्य चारीत शिरलं. पहिली पोटचारी भरली, दुसरी, तिसरी. चौथीत ते बारीक झालं. सहावीत नुसतं ओलं झालं. सातवी कोरडीच. लिंबाखालच्या घरावर लाल खूण लागली.

गहिनीनाथ पुढं झुकले. चाऱ्या बरोबर होत्या, उतार बरोबर होता. मग त्यांच्या ध्यानात आलं. खेळातल्या वरच्या अंगाच्या माणसांनी आपापली तोंडं उघडी टाकली होती. वावर भरून वाहत होतं, तरी ती घेत होती. त्यांना पाण्याची पाळी ठाऊक नव्हती. नाना चाऱ्या खोदून मोकळे झाले, आणि माणसं आपल्या पाळीनं दारं धरतील असं गृहीत धरून बसले. असली चूक निदान पाटकऱ्याच्या हातून तरी व्हायला नको होती.

"दीड तास ऱ्हायला," हर्षल म्हणाला. "खेळ थांबवा नाना, इचार करू."

"वाहतं पानी थांबवून कुनी इचार केलाय का? ह्या नव्या भागात दारं हायेत का?"

"हायेत. पन माप घालून ठिवलं की ती आपोआप चालत्यात."

"आपोआप नको. मला हातानं दे."

हर्षलनं बटण दाखवलं. प्रत्येक तोंडावर एक फळी बसली. गहिनीनाथांनी वरून खालपर्यंत एकशे सहा फळ्या पाडल्या, एकही न विसरता. फक्त सातव्या पोटचारीची तोंडं उघडी ठेवली. वरच्या अंगाला गडबड उडाली. डोक्यावर रागाच्या लाल खुणा घेऊन माणसं नदीकाठी गोळा झाली, हात हलवायला लागली.

"चिडलेत नाना लोक. त्यांच्या मर्जीचा आकडा खाली चाललाय."

"चिडू दे. एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्या. ह्या तर मुक्या हायेत."

पाणी पुढं सरकलं. चौथीवरून, पाचवीवरून, थांबत, मातीत मुरत. पडद्याच्या कोपऱ्यात खेळातले महिने पालटत होते. माघ गेला असेल, फाल्गुन गेला असेल. लिंबाखालच्या घरातली बाई बाहेर आली आणि गाठोडं बांधायला बसली. दारातल्या रतनबाईंची मटकी केव्हाच थांबली होती.

"अवो, ती निघाली!"

"निघत न्हाई."

"गाठ मारली तिनं!"

"मारू दे. सुटंल."

सातव्या चारीच्या तोंडाशी निळा ठिपका दिसला. तो सापाच्या पिल्लासारखा वळत वळत आला, शेवटच्या वावराच्या बांधाशी अडखळला, आणि आत शिरला. मातीचा रंग बदलला. लिंबाच्या झाडाखाली बाई उठून उभी राहिली, गाठोडं तिथंच टाकून वावराकडं गेली. घरांवरची ती शेवटची लाल खूण विझली. वर्षाची वीस मिनिटं अजून शिल्लक होती.

हर्षलनं टाळी वाजवली. गहिनीनाथांची नजर त्या वावरावरच होती, पाणी कुठवर चढतं आहे ते बघत.

रतनबाई पडद्याजवळ आल्या. पदरानं डोळे पुसले, मग वाकून नीट बघितलं.

"बास की आता," त्या म्हणाल्या. "किती देताय? पानी साचून वावर उपळंल माझं. वरची बाया-मानसं तिकडं उन्हात उभी हायेत."

"बास का?"

"बास म्हनलं ना."

गहिनीनाथांनी लिंबाखालच्या वावराची फळी पाडली.

"आता कोनतं दार, नाना?" हर्षलनं विचारलं.

"तिच्या वरचं. मग त्याच्या वरचं." त्यांनी माऊस हर्षलकडं सरकवला. "धर. एकेक घेत वर चढ. घाई करू नगंस."