सर्जनसाहेबांचा अंदाज

धुळ्याला देवपुरातल्या एका दवाखान्यात मी भूल देत असे, आणि छातीच्या ऑपरेशनला बाहेरगावचे एक बडे सर्जन येत. फुप्फुसाच्या रोग्याला किती सलाईन लागेल, हे साहेब त्याला टेबलावर घेण्याआधीच सांगून टाकत. एक बाटली. रोगी पैलवान असो की काडी, थंडी असो की वैशाख. जास्त पाणी गेलं तर फुप्फुसात साचतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एवढं पाठ झाल्यावर रोग्याची नाडी कशाला बघायची?

एका वैशाखात शिरपूरकडचा एक तरुण शेतकरी टेबलावर होता. डोक्यावर पत्रा तापलेला. त्याच्या घामाने चादर भिजली, रक्तही बरंच गेलं, आणि नाडी माझ्या बोटांना लागेनाशी झाली.

"साहेब, आणखी एक बाटली लावतो," मी म्हटलं.

"तुम्ही भुलीचं बघा," असं म्हणून त्यांनी मान वळवली. नर्सने त्यांचा मास्क खाली ओढून लिंबूसरबताचा पेला तोंडाला लावला. तेवढ्यात मी दुसरी बाटली लावून टाकली.

रोगी वाचला. साहेब व्हरांड्यात सरबत पीत त्याच्या बापाला म्हणाले, "आबा, माझा अंदाज कधी चुकत नाही."

इतक्यात रोग्याची आई आतून आली. "डाक्टरसाहेब, त्याना घसा सुकाई ग्या. पानी दिऊ का?"

"थेंबभरही नाही," साहेब म्हणाले, आणि रिकामा पेला त्यांनी नर्सपुढे धरला.