दोन किलोबाइटचा मामा

माझा मामा वॉशिंग मशीनच्या आत असतो. म्हणजे तसा बाहेरच असतो, पण पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, कधी गरगर फिरायचं हे मशीनला सांगणारी जी नखाएवढी चिप असते, तिच्यातला प्रोग्रॅम गेली एकवीस वर्षं तोच लिहितो. सी नावाच्या भाषेत. चिपला हाताशी जागा किती? दोन किलोबाइट. माझ्या फोटोतला डावा कानसुद्धा तेवढ्यात मावणार नाही.

मामा बोलतानाही जागा वाचवतो. मामी विचारते, "कालचंच गरम करू, ताजं करू, की बाहेरून मागवू?" मामा म्हणतो, "दोन." मामी कढई आपटते, कारण दोन म्हणजे ताजं.

कारखान्याचे साहेब एका परिषदेला गेले आणि परत आले ते हात हवेत फिरवतच.

"अहो, जग कुठे चाललंय! पायथन! माझी पुतणी शाळेत पायथन भाषा शिकते. आणि आपण?"

"मावणार नाही," मामा म्हणाला.

"मावत कसं नाही? मावायची मानसिकता हवी!"

मानसिकतेला किती किलोबाइट लागतात, हे काही साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनी एक तरुण इंजिनियर मुलगी आणली आणि आठ दिवस दिले. तिला जमलं, तर मामाची खुर्ची तिची आणि मामा तक्रारींच्या फोनवर. दिवसभर लोकांशी बोलायचं! मामाचा चेहरा पिळून काढलेल्या कपड्यासारखा झाला.

तक्रारींचा फोन आजवर निभावत होता तो मामाच्याच जिवावर. काही लोकांची मशीनं अधूनमधून उगाच कपडे दोनदा खळबळायची. मामानं फोनवाल्यांना एकच उत्तर पाठ करून दिलं होतं, "तुमच्याकडे वीज खालीवर होते."

तिसऱ्या दिवशी मुलीनं हात टेकले. पायथन चिपला समजावून सांगणारा नुसता दुभाषा-प्रोग्रॅमच चिपच्या कितीतरी पट मोठा. "काका, भाषाच दारात अडकली." मामा इतका खूश झाला, की तब्बल पाच शब्द बोलला, "मी सांगितलं होतं ना, बाळ."

पण मुलगी चिवट निघाली. तिनं रस्ट नावाची दुसरी भाषा काढली. ती मावली! मामाचा चहा थंड झाला. मग तिनं मामाचाच प्रोग्रॅम ओळीमागून ओळ रस्टमध्ये उतरवायला घेतला, तर रस्ट हटूनच बसली. एकच आकडा दोघंजण एकाच वेळी हाताळताहेत, म्हणाली, चालणार नाही.

"भाषा आहे की शेजारीण?" मामा हसला. "नसत्या चौकशा."

"पण काका, कोण दोघं ते बघा ना."

मामानं बघितलं. मिनिटं मोजणारा आकडा दोन तुकड्यांत वाचला जात होता. पहिला तुकडा वाचला आणि तेवढ्यात घड्याळानं आकडा बदलला, की हिशोब उलटा. मशीनला वाटायचं, कपडे खळबळायचं राहूनच गेलं. हजारात एखाद्या वेळी. एकवीस वर्षं.

"वीज..." मामा म्हणाला.

मुलगी हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगत नाही. दोन ओळी बदला, झालं."

आठव्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हं, जिंकलं कोण?"

"चूक माझी होती," मामा म्हणाला. "हिनं पकडली. आहे त्या मशीनना सीच राहू द्या, दुरुस्त करून. नवीन मशीन रस्टमध्ये, हिच्याकडे."

साहेबांना एवढंच कळलं, की काहीतरी नवीन होणार. "उत्तम! म्हणजे पायथन!"

मामाची खुर्ची वाचली. पण दुसऱ्या दिवशी तो आपणहून तक्रारींच्या फोनपाशी जाऊन बसला. समोर तक्रारींची वही उघडली आणि पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार. तुमचं मशीन कपडे दोनदा खळबळतं ना? आम्ही म्हणालो होतो, वीज खालीवर होते. ते खोटं होतं. चूक माझी. माणूस पाठवतो, चिप बदलून देईल."

पलीकडे एक आजीबाई होत्या. "अहो, पण घरातल्या विजेचं काम आमच्या जावयानं केलं होतं! त्या बिचाऱ्याला मी तीन वर्षं बोल लावले, त्याचं काय?"

मामानं वहीचं कोरं पान काढलं.

"त्यांचा नंबर द्या," तो म्हणाला.