सोमवारची एक चूक

चष्मेवाले काका कधी कुणाचं कौतुक करत नसत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी कृतघ्न म्हणायला नको.

त्यांचं दुकान बसथांब्यासमोर, औषधवाला आणि शिंपी यांच्या मधोमध अंग चोरून उभं. पुढे फ्रेमांची कपाटं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागे काचा घासायचं मशीन आणि मशीनशेजारी एक स्टूल. त्या स्टुलावर मी बारा वर्षं दर सोमवारी संध्याकाळी बसले. माझ्याआधी बसलेले तिघे आज तीन ठिकाणी चर्चच्या मंडळ्या सांभाळतात. काका स्वतः पाळक नव्हते, कमिटीवरही नव्हते. चर्चमधल्या एखाद्या पोरात काही दिसलं की ते जवळ येऊन म्हणायचे, सोमवारी दुकानात ये. आमंत्रण एवढंच.

मला बोलावलं तेव्हा मी वीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नुकतीच लागलेली. रविवारी चर्चच्या तरुण संघात पहिल्यांदा प्रार्थना चालवली होती. सोमवारी शाबासकी घ्यायला म्हणून ऐटीत दुकानात शिरले. काका कुणाच्या तरी चष्म्याची काडी सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "आजाऱ्यांची नावं वाचताना घाई केलीस." मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. पुढचं वाक्य नव्हतं. चहा आला, तो प्यायलो आणि मी घरी गेले.

त्यांची पद्धतच ती. आठवड्याला एक चूक. दोन नाहीत, आणि जोडीला गोड काही नाही. माणूस दुकानात येतो तो काय दिसत नाही हे सांगायला, असं ते म्हणायचे, काय दिसतं ते ऐकून नंबर निघत नाही. त्यांना शिकवणाऱ्या गुरुजींनी एकदा एका दमात अकरा चुका काढल्या होत्या आणि काका दोन महिने चर्चकडे फिरकले नव्हते. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला होता, की आपण एकच सांगायची. ज्याच्यात शोधून शोधून एकच सापडते त्याचं बरं चाललंय, हे त्यांचं गणित. ते मला कळायला चार वर्षं लागली. आईला कधीच कळलं नाही. ती म्हणायची, तुला फुकट बोलणी खायची हौस असेल तर मी काय घरात कमी देते का?

पण शिकवलं त्यांनीच. आजाऱ्याच्या खाटेशी बसलं की घड्याळाकडे बघायचं नाही. भांडलेल्या दोघांना आधी वेगवेगळं ऐकायचं. माईक हातात आला की आधी श्वास घ्यायचा. हा श्वास मला काही जमला नाही. बहुतेक सोमवारी चूक तीच निघे, म्हणून त्यांनी माझं नाव घाईबाई ठेवलं होतं.

यंदा तरुण संघाला नवा प्रमुख निवडायचा होता. मला ते काम हवं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधताना माझ्या डोक्यात त्या पोरांचेच विषय असत. दुसरं नाव गिटारवाल्याचं होतं. तो चार वर्षांपूर्वी आलेला, हसतमुख आणि खरोखर चांगला मुलगा. वाईट असता तर मला निदान रागवायला कुणी मिळालं असतं. कमिटीनं उपासनेनंतर काकांना आत बोलावलं, कारण मला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. मी बाहेर हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचत होते. काका बाहेर आले, माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली आणि घरी गेले. माझा जीव भांड्यात पडला.

अर्ध्या तासानं कमिटीचे अध्यक्ष आले. ते निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे सगळ्यांचे सर. काम गिटारवाल्याला दिल्याचं त्यांनी सांगितलं आणि थोडं अवघडून उभे राहिले.

"तुझ्याविरुद्ध बोलणारा एकच माणूस निघाला, पोरी, आणि तो तुझाच," ते म्हणाले. "आम्ही विचारलं, हिच्याबद्दल काय सांगाल? काका म्हणाले, प्रार्थना चालवताना ती घाई करते. आणि गप्प बसले. त्यांनीच असं म्हटल्यावर आम्ही काय करणार?"

मी बरं म्हणाले आणि उरलेल्या चार खुर्च्या रचल्या. घरी जेवले. आईनं काकांचा उद्धार केला, तो मी शेजारच्या घरातला ऐकावा तसा ऐकला. सोमवारी लॅबमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "ताई, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही." मला वाटलं, मलाही नाही.

संध्याकाळी पाय सवयीनं दुकानाकडे वळले. काका मशीनवर काच घासत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"कमिटीला तुमची पद्धत माहीत नाही, काका. त्यांच्या लेखी एक चूक म्हणजे एक चूकच."

त्यांनी काच बाजूला घेतली. मशीन नुसतंच फिरत राहिलं.

"मी एकच सांगितली," ते म्हणाले. "सगळं आठवून बघितलं आणि एकच..."

मला दुकानाकडे बघ म्हणाले आणि अंगातला एप्रनही न काढता सरांच्या घरी गेले. तेवढ्या वेळात मी चष्म्याची एक दोरी विकली. तासाभरानं ते परत आले. गिटारवाल्याला नेमणुकीचं पत्र देऊन झालं होतं, तीन वर्षांसाठी. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला आले, एवढंच. काका माझ्या स्टुलावर बसले. मला त्यांची कीव यायला हवी होती, नाहीतर राग तरी. दोन्हींपैकी काहीच आलं नाही.

पुढच्या रविवारी गिटारवाल्यानं प्रार्थना चालवली. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते.

सोमवारी मी पुन्हा स्टुलावर. काका एक बारीक स्क्रू बसवत होते. तो दोनदा खाली पडला, दोनदा मी उचलून दिला. मग त्यांनी चष्मा काढला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा चूक सांगताना माझ्याकडे सरळ बघितलं.

"काल एकही चूक सापडली नाही," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला मी कुठल्याही सोमवारी पायी चार गावं चालले असते. आता ते आलं होतं आणि आत काही हललं नाही.

"काल मी काही केलंच नाही, काका. मागे बसले होते."

ते वाक्य खरं ठरेल अशा एखाद्या रविवारपर्यंत थांबणं त्यांना जमलं नव्हतं. स्क्रू तिसऱ्यांदा खाली पडला, आणि तो उचलून देताना माझ्या आत पहिल्यांदा काहीतरी हललं. मी श्वास घेतला, नीट, त्यांनी शिकवला तसा.

"घाई केलीत," मी म्हणाले.

काकांनी होकारार्थी मान हलवली, मी बारा वर्षं हलवत आले तशी, आणि चहा सांगितला.