मुलाखतीतला माझा हुंकारा

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मंदाताई, यातलं एक वाक्यही वापरता येणार नाही."

जळगाव जामोदच्या ऑफिसात मी उभीच होते. आमची संस्था गावातल्या बायांना डॉक्युमेंटरी करायला शिकवते, सर तिथले शिकवणारे. डॉक्युमेंटरी म्हणजे खऱ्या माणसांची खरी फिल्म, त्यात नट नसतात. मी आधी तिथे स्वयंपाक करायची. फावल्या वेळात कॅमेरा शिकले. ही माझी पहिली फिल्म. जमली तर कॅमेऱ्याचं काम कायमचं, नाही तर परत पोळपाट.

फिल्म खाऱ्या पाण्यावर होती. वरवट बकालकडच्या एका खेड्यात कौसल्याबाई राहतात. विहिरीचं खारं पाणी पिऊन नवऱ्याच्या किडन्या गेल्या, असं त्या सांगतात. दोन तास बोलल्या, रडल्या. मला वाटलं, काम झालं.

सरांनी हेडफोन माझ्या हातात दिला. कौसल्याबाईंच्या प्रत्येक वाक्यावर माझा आवाज. हाव. हाव माय. मंग? आमच्याकडे कुणी सांगत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचाच, नाही तर सांगणाऱ्याला अपमान वाटतो. मुलाखत घेताना मात्र गप्प राहायचं असतं. दोन आवाज एकमेकांवर चढले की एडिटिंगमध्ये वेगळे होत नाहीत. हे शिकवलेलं होतं. एरवी चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. उघडलं ते नेमकं तिथे.

सर म्हणाले, परत जाऊन घ्या. मी म्हटलं, बाईला परत रडावं लागेल. त्यांनी कॅमेऱ्याची बॅग माझ्याकडे सरकवली.

बुधवारी बसने गेले. कॅमेरा लावला, गप्प बसले. कौसल्याबाई तीन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

"काऊन वं, रागावली का माह्यावर?"

"नाही माय."

"मंग हुंकारा काऊन नाही देत? मी का भिताडाशी बोलू?"

मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "गप बसाचं शिकवाची शाळा हाय का तुमची?"

मग मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो फ्रेममध्ये, म्हणजे चित्रात, येत नव्हता. प्रत्येक वाक्याला हलकेच दाबत राहिले. त्या बोलल्या. आवाज स्वच्छ आला. पण या वेळी तलाठ्याला सांगावं तसं सांगितलं. दवाखाना कोणता, डायलिसिसचं मशीन कुठे, किती फेऱ्या झाल्या. शेवटच्या दिवशी नवऱ्याने घोटभर गोडं पाणी मागितलं होतं, हे पहिल्या वेळी रडत सांगितलेलं या वेळी बोलण्यात आलंच नाही.

मी हळूच म्हटलं, "गोड्या पाण्याचं राह्यलं, माय."

"सांगतलं ना तुले एकखेप," त्या म्हणाल्या. "आता नाही सांगत."

मी कॅमेरा बंद केला.

फिल्म झाली. सरांनी आवाजाचं कौतुक केलं आणि मला कामावर कायम केलं. गोड्या पाण्याचं त्या फिल्ममध्ये नाही. बघणाऱ्यांना ते कळणार नाही, मला कळतं.

आता शूटिंगला निघताना मी पिशवीत सुपारी ठेवते. समोरचं माणूस बोलायला लागलं की एक खांड दाढेखाली धरायचं. तोंड बंद राहतं.